तालुक्याच्या कॉलेजात सेंद्रिय अर्धवाहकाचे पातळ स्फटिक वाढवायचे तर

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट म्हणजे बहुतेक वेळा झिंक ऑक्साइडची पांढरी पूड. ती एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायला) नागपूरला नाहीतर अमरावतीला जाते, आलेख येतो, फाइलला चिकटतो, विषय संपतो. त्याऐवजी सेंद्रिय अर्धवाहकांचे स्फटिक वाढवून बघा म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, त्याले तं क्लीनरूम लागत असन नं?" डिस्प्लेचा कारखाना काढायचा असेल तर अशी धूळमुक्त खोली लागेल. एक चांगला स्फटिक वाढवून त्याचा ट्रान्झिस्टर करायला हॉटप्लेट, काचेच्या स्लाइड, झूलॉजीवाल्यांचा मायक्रोस्कोप आणि स्थिर तापमान पुरतं. या चारांत आपल्याकडे शेवटचंच दुर्मिळ आहे, म्हणून या लेखाचा बराच भाग त्याच्यावर जाणार आहे.

आधी थोडी ओळख. अँथ्रासीन, पेंटासीन, रुब्रीन हे सेंद्रिय अर्धवाहक, म्हणजे कार्बनच्या जोडलेल्या वलयांचे रेणू. सिलिकॉनमध्ये अणू-अणू पक्क्या बंधांनी बांधलेले असतात; इथे रेणू एकमेकांना फक्त व्हॅन डर वाल्स या दुबळ्या बलांनी धरून असतात. म्हणूनच हे पदार्थ शे-तीनशे अंशांत उडतात, बरेचसे साध्या द्रावकात विरघळतात आणि पुन्हा रांगेत बसतात. सिलिकॉनसाठी लागते तशी चौदाशे अंशांची भट्टी नको. मात्र ती रांग जिथे मोडते, म्हणजे दोन स्फटिककणांच्या सीमेवर, तिथे प्रभार अडकतो. सबंध उपकरण एकाच स्फटिकावर बसवण्याची धडपड त्यासाठी.

पातळच का? ट्रान्झिस्टरमध्ये गेटच्या, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या टोकाच्या, प्रभावाने प्रभार जमतो तो पृष्ठभागालगतच्या दोन-तीन रेणुथरांत. वरचा सगळा जाड भाग वाटेत अडथळा होऊन बसतो. शिवाय मायक्रोमीटरपेक्षा पातळ स्फटिक लवचीक असतो आणि सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या गुळगुळीत पृष्ठभागावर आपोआप चिकटतो. जाड स्फटिक नुसता टेकतो, खाली फट राहते.

१. पदार्थ निवडणे

सुरुवात अँथ्रासीनने करा. स्वस्त आहे, वितळबिंदू साधारण 216 अंश सेल्सिअस, आणि त्याच्या कितीतरी खालीच त्याचं संप्लवन, म्हणजे न वितळता थेट वाफ होणं, सुरू होतं. न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये अँथ्रासीनच्याच स्फटिकाला सुमारे 400 व्होल्ट देऊन निळा प्रकाश मिळवला होता. आज खिशातल्या मोबाइलच्या ओएलईडी पडद्याचं मूळ शोधत गेलं तर तिथे पोचतं. अँथ्रासीनचा चांगला ट्रान्झिस्टर करणं अवघड, पण हात बसवायला याहून बरा पदार्थ नाही.

दुसरा टिप्स-पेंटासीन. साधं पेंटासीन द्रावकात जवळजवळ विरघळत नाही. केंटकी विद्यापीठाच्या जॉन अँथनी यांच्या गटाने 2001 च्या सुमारास त्याला बाजूने सिलिकॉन असलेल्या शाखा जोडल्या, आणि गडद निळा, टोल्यूइनमध्ये सहज विरघळणारा पदार्थ हाती आला. खरा ट्रान्झिस्टर करायचा तर हा घ्या. मिलिग्रॅमच्या भावाने मिळतो, पण एका वेळी पाच मिलिग्रॅमच लागतो.

रुब्रीन तिसरं. लाल-नारिंगी, देखणं, आणि खोलीच्या तापमानाला त्याच्या स्फटिकात होलची (धन प्रभाराची) मोबिलिटी, म्हणजे विद्युतक्षेत्रात सरकण्याची सहजता, 10 ते 20 चौरस सेंटीमीटर प्रति व्होल्ट-सेकंदपर्यंत मोजली गेली आहे. पण त्याला आर्गॉनची नळीभट्टी लागते. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

डांबरगोळ्या उडवून सराव करावा असं कुणाला वाटेल. नको. बाजारातल्या सगळ्याच गोळ्या नॅफ्थॅलीनच्या नसतात, काही पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनमुळे फुटतात. आपल्याकडे सिकलसेलची तपासणी घरोघर माहीत आहे. ही कमतरता वेगळी, पण तीही आनुवंशिक आणि बहुतेकांना आपल्यात आहे हे ठाऊकच नसतं.

२. शुद्धता

बाटलीवर 98 टक्के लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. उरलेल्या दोन टक्क्यांतच सगळा घोळ असतो. अँथ्रासीनमध्ये नेहमी सापडणारी भेसळ म्हणजे टेट्रासीन, आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च घ्या, अंधारात पुडीवर मारा. शुद्ध अँथ्रासीन निळं-जांभळं चमकतं. हिरवट झाक दिसली तर टेट्रासीन आहे. त्याचं प्रमाण अगदी नगण्य असलं तरी अँथ्रासीनने शोषलेली ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि रंग बदलतो. टॉर्च डोळ्यांत जाऊ देऊ नका.

शुद्ध करायला पूड बोरोसिलच्या लांब परीक्षानळीच्या तळाशी घ्या, तोंडाला काचेचा कापूस लावा, तळ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात हळूहळू तापवा. नळीच्या थंड भागावर पापुद्रे बसतात. मधल्या पट्ट्यातले तेवढे खरवडून घ्या. तळाचा काळपट अवशेष आणि अगदी टोकाला गेलेली हलकी भेसळ टाकून द्या. हेच दोनदा-तीनदा करा, दर वेळी टॉर्च मारून पाहा.

३. काच धुणे

वाटतं सोपं, पण निम्मे स्फटिक इथेच बिघडतात. आधी साबणाचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ॲसिटोन, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मग वाळवणं. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी इतकं जड की वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, आणि आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. नीट धुतलेल्या काचेवर पाणी सलग पसरतं. थेंब-थेंब होऊन तुटलं तर पुन्हा धुवा. बोटाचा ठसा राहिला तर त्याच्या तेलकट रेषांवर स्फटिकांची दाटी होते. बोटं लावू नका, चिमटा वापरा.

४. तापमान स्थिर ठेवणे

संध्याकाळी गावात व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं की हॉटप्लेटची उष्णता किती घटते? शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे 180 भागिले 230 चा वर्ग: साधारण 0.61. जवळजवळ चाळीस टक्के उष्णता गेली. वाढता स्फटिक त्या क्षणी थांबतो. व्होल्टेज परतलं की तो पुन्हा सुरू होईलच असं नाही. उलट बाजूला नवीन बारीक स्फटिकांचं पीक येतं आणि मोठा होऊ घातलेला तसाच राहतो.

यावर तीन उपाय, तिन्ही एकत्र करा. लेथवाल्याकडून दोन-तीन इंच जाडीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा कापून घ्या, वरचा भाग सपाट करून घ्या आणि पृष्ठभागाच्या जवळ, बाजूने, थर्मोकपलसाठी (तापमान मोजणाऱ्या तारेसाठी) भोक पाडून घ्या. हा ठोकळा हॉटप्लेटवर ठेवला की मिनिट-दोन मिनिटांचे चढउतार तो स्वतःच पचवतो. मग हॉटप्लेटचा मूळचा थर्मोस्टॅट बाजूला सारून पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून उष्णता हळूहळू कमी-जास्त करणारा) आणि सॉलिड स्टेट रिले (त्याच्या हुकमाने वीज जोडणारा-तोडणारा स्विच) जोडा. मूळचा थर्मोस्टॅट एकदा चालू-एकदा बंद असा चालतो आणि तापमान दहा-दहा अंशांनी झोके खातं. त्यावर स्फटिक वाढवायची आशा धरू नका. ही जोडणी 230 व्होल्टवर आहे, तेव्हा अर्थिंग नीट तपासूनच करा. ते काम कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला द्या. तिसरा उपाय फुकटचा: कृषी फीडरला थ्री फेज कोणत्या पाळीला आहे ते बघा. गावातले सगळे पंप चालू असताना प्रयोग लावू नका. भारनियमनाचं वेळापत्रक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. मोठ्या बॅटरीचा साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लहान हॉटप्लेट त्यावर चालते, पण आधी वॉटचा हिशेब करा.

ऋतूचंही गणित आहे. मे महिन्यात खोलीतच चाळिशीच्या वर पारा असतो, टोल्यूइन डोळ्यांदेखत उडून जातं. पावसाळ्यात झपाट्याने उडणारं द्रावक पृष्ठभाग थंड करतं, हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि थरात बारीक भोकं पडतात. उरतो हिवाळा, कोरडा आणि गार. पण तेव्हा जिनिंग सुरू असतं. कापसाचा तंतू हवेत तरंगतो, काचेवर बसतो आणि त्या तंतूवरच स्फटिक धरायला लागतो. यवतमाळ-वर्ध्याकडच्यांना हे सांगायला नको. प्रयोगाच्या जागी पंखा बंद, खिडकीला ओला पडदा, आणि शक्यतो पहाटेची वेळ. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी रस्त्यावर चालू असते तेव्हा तर प्रयोग लावूच नका.

५. दोन काचांमधलं संप्लवन

ही पद्धत मला आपल्यासाठी सगळ्यात योग्य वाटते, कारण तिला निर्वात नको आणि वायूही नको. उडालेला रेणू मोठ्या भांड्यात भटकत बसण्याऐवजी जेमतेम केसाच्या जाडीचं अंतर ओलांडून समोरच्या काचेवर बसतो. हवेत असूनही काम होतं ते या लहान अंतरामुळे.

ठोकळ्यावर एक स्लाइड ठेवा. तिच्या मध्यावर शुद्ध अँथ्रासीन एक-दोन मिलिग्रॅम, चपटं पसरून. दोन्ही कडांना कव्हरस्लिपचे तुकडे ठेवा. नंबर एकची कव्हरस्लिप साधारण 0.15 मिलिमीटर जाड असते, तेवढीच फट आपल्याला हवी. पुडीचा एखादा दाणा त्याहून उंच असेल तर वरची काच तिरकी बसते, म्हणून आधी दाबून घ्या. मग वरून धुतलेली दुसरी काच अलगद ठेवा.

तापमान 90 अंशांपासून सुरू करून दर अर्ध्या तासाने पाच-पाच अंशांनी वाढवा. भिंग हातात असू द्या. वरच्या काचेच्या खालच्या अंगाला बारीक ठिपके दिसू लागले की वाढवणं थांबवा, हवं तर दोन-तीन अंशांनी उतरवा. हाच निर्णायक क्षण. तापमान वाढवत राहिलात तर काचेवर धुकं धरतं: असंख्य बारीक स्फटिक, कामाचा एकही नाही. थांबलात तर थोडेच ठिपके उरतात आणि त्यांचे चकचकीत, चपटे पत्रे होतात. पातळ हवे असतील तर ते रुंद झाल्याबरोबर थांबवा; जास्त वेळ ठेवले की जाडी वाढत जाते.

थांबवणं म्हणजे काच उचलणं नव्हे. हॉटप्लेट बंद करून सगळं ठोकळ्यावरच निवू द्या, तास-दीड तास. हे स्फटिक काचेपेक्षा कितीतरी जास्त आक्रसतात. गरम काच फरशीवर ठेवली की पत्र्यांना तडे गेलेच समजा.

६. द्रावणातून वाढवणे

टिप्स-पेंटासीन टोल्यूइनमध्ये, एका मिलिलिटरला दोन ते पाच मिलिग्रॅम. द्रावण गडद निळं होतं. बाटलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, कारण उजेड आणि ऑक्सिजन मिळून ते द्रावण हळूहळू खराब करतात. निळा रंग फिका पडला की फेकायचं. रुब्रीनच्या द्रावणाचंही तेच, फक्त तिथे लाल रंग जातो.

पेट्री डिशमध्ये काच किंवा सिलिकॉनचा तुकडा ठेवा, एका बाजूला खाली कागदाची घडी देऊन तीन-चार अंशांचा उतार द्या. बाजूला फिल्टर पेपरचा तुकडा टोल्यूइनने भिजवून ठेवा म्हणजे आतली हवा द्रावकाच्या वाफेने भरते आणि थेंब सावकाश वाळतो. मग थेंब सोडा, झाकण लावा, आणि हलवू नका. उतारामुळे वाळण्याची रेषा एकाच दिशेने सरकते आणि स्फटिकाच्या पट्ट्या त्या दिशेने लांब होतात. सपाट ठेवलं तर कडेला कॉफीच्या डागासारखं कडं आणि मध्ये काहीच नाही. वाळल्यावर 60-70 अंशांवर थोडा वेळ ठेवून उरलेलं द्रावक घालवा. 120 च्या पुढे कधीच नको; 124 अंशांच्या आसपास या स्फटिकाची आतली रचना बदलते आणि तो तडकतो.

टोल्यूइन पेटतं आणि डोक्यात जातं. एका वेळी एक-दोन मिलिलिटरच काढा, बर्नर खोलीत नको, खिडकी उघडी, नायट्राइलचे हातमोजे. ओतायचं-मोजायचं काम दुसऱ्याला सोबत घेऊनच. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. आपल्या कॉलेजांच्या नाल्या कुठे जातात आणि बाजूला कुणाची विहीर आहे, हे आपल्याला माहीत असतं. झाकणाच्या बाटलीत गोळा करा.

७. नळीभट्टी, ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी

अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनशाळेत लॉडिझ, क्लोक आणि सहकाऱ्यांनी 1997-98 च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. बोरोसिलची नळी, तिच्यावर निक्रोमच्या तारेचे दोन वेगळे वेढे, एका टोकाला पदार्थ, त्यावरून आर्गॉनचा मंद प्रवाह. रुब्रीनसाठी गरम टोक साधारण 280 ते 300 अंश, पुढे उतरतं तापमान. स्फटिक थंडाकडच्या भागात नळीच्या भिंतीवर धरतात. आर्गॉनसाठी मुंबईला फोन करायची गरज नाही, स्टीलचं रेलिंग करणारा टिग वेल्डिंगवाला तो वापरतोच. नळीचं बाहेरचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवा, बुडबुडे मोजून प्रवाह कळतो आणि हवा उलटी शिरत नाही. आधी वायू बराच वेळ सोडा, मगच तापवा. आर्गॉन बंद खोलीत ऑक्सिजनची जागा घेतो, म्हणून त्या बाटलीतून नळी खिडकीबाहेर काढा.

८. एकच स्फटिक आहे का?

मायक्रोस्कोपखाली सुंदर दिसणं हा पुरावा नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डिस्प्लेची पोलरायझर फिल्म मिळते. एक तुकडा दिव्यावर, दुसरा आयपीसवर, एकमेकांना काटकोनात. आता स्लाइड फिरवा. दर नव्वद अंशांनी सगळा पत्रा एकदम काळा होत असेल तर तो एकच स्फटिक. अर्धा काळा आणि अर्धा उजळ असेल तर ते दोन आहेत, एक मानून मोजमाप करू नका. पातळ पत्र्यांवर दिसणारे रंग जाडीप्रमाणे बदलतात. सबंध पत्र्यावर एकच रंग म्हणजे जाडी सारखी.

९. ट्रान्झिस्टर

300 नॅनोमीटर ऑक्साइड असलेला, भरपूर डोप केलेला (भेसळ घालून वाहक केलेला) सिलिकॉन वेफर विकत मिळतो. सिलिकॉन हाच गेट, ऑक्साइड हाच विद्युतरोधक. एका कोपऱ्यावर ऑक्साइड खरवडून तिथे तार लावा. द्रावणातून स्फटिक थेट या तुकड्यावरच वाढवा. वेगळा वाढवलेला असेल तर ब्रशच्या एकाच केसाने उचलून ठेवा. पातळ असेल तर स्वतःच बसतो.

सोर्स आणि ड्रेनसाठी, म्हणजे प्रवाह आत येण्या-बाहेर जाण्याच्या दोन टोकांसाठी, चांदीची पेस्ट पटकन आठवते, पण तिच्यातलं द्रावक स्फटिकच खाऊन टाकतं. पाण्यातलं कोलॉइडल ग्रॅफाइट वापरा, बारीक काडीने दोन ठिपके, मध्ये 0.1 ते 0.2 मिलिमीटर अंतर. ते मायक्रोस्कोपखाली मोजून लिहा.

वीज नऊ व्होल्टच्या चार बॅटऱ्यांची: 36 व्होल्ट, लाइनचा गोंगाट नाही, लाइट गेली तरी प्रयोग चालू. टिप्स-पेंटासीन पी-प्रकारचं (होल वाहून नेणारं), म्हणून गेट आणि ड्रेन दोन्ही ऋण. किती प्रवाह अपेक्षित आहे ते आधीच काढून ठेवा. या ऑक्साइडची धारिता चौरस सेंटीमीटरला साधारण 11.5 नॅनोफॅरड. रुंदी लांबीच्या पाचपट, मोबिलिटी 0.5 आणि थ्रेशोल्डच्या (प्रवाह सुरू होण्याच्या व्होल्टेजच्या) पुढे 30 व्होल्ट धरले तर संपृक्त प्रवाह सुमारे 13 मायक्रोअँपिअर येतो. साध्या मल्टिमीटरला हे जमतं. गेटमधून गळणारा प्रवाह वेगळा मोजा; तो ड्रेनच्या प्रवाहाच्या जवळपास असेल तर तुमचा आलेख ऑक्साइडच्या भोकाचा आहे, स्फटिकाचा नाही.

नुसत्या अँथ्रासीनवर अंधार-उजेडाचा फरक मोजायचा तर प्रवाह नॅनोअँपिअर किंवा त्याखाली जातो. तिथे युक्ती: मल्टिमीटर व्होल्टच्या रेंजवर ठेवून स्फटिकाशी एकसरीत जोडा. आतला रोध 10 मेगाओहम असेल तर एक मिलिव्होल्ट म्हणजे 0.1 नॅनोअँपिअर. स्वस्त मीटरचा रोध एकच मेगाओहम असतो, मग तोच मिलिव्होल्ट एक नॅनोअँपिअरचा. कोणता आहे ते माहितीपत्रकात बघा.

१०. वही

याच क्षेत्रात, बेल लॅबमध्येच, यान हेंड्रिक शोन नावाच्या संशोधकाने सेंद्रिय स्फटिकांवरचे थक्क करणारे निकाल छापले होते. 2002 मध्ये चौकशी झाली. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत गोंगाटसुद्धा हुबेहूब सारखा निघाला. प्रयोगाची वही नव्हती, मूळ माहिती पुसलेली होती. म्हणून न चाललेले नमुनेही नोंदवा: तारीख, खोलीचं तापमान, आर्द्रता, व्होल्टेज, ठोकळ्याचं तापमान, फट, वेळ. मोबाइलवर मायक्रोस्कोपचा फोटो काढला की त्याचा क्रमांक त्याच ओळीत. मोबिलिटीचा सगळ्यात मोठा आकडा एकटा छापू नका, सगळ्या नमुन्यांचे आकडे द्या.

नमुने फॉइलमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

इथवर आलात आणि सोन्याचे संपर्क, लिथोग्राफी (सूक्ष्म नक्षी उमटवणं) किंवा चांगलं प्रोब स्टेशन (बारीक सुयांनी उपकरण मोजायचं टेबल) हवं झालं, तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था बाहेरच्या संशोधकांना इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्राममधून आपल्या सुविधा वापरू देतात. आधी त्यांचं प्रशिक्षण करावं लागतं, मग प्रस्ताव. प्रस्तावाला पोलरायझरमधले चार फोटो, बॅटरीवर काढलेला एक आलेख आणि वहीची दोन पानं जोडा.